‘द लेपर्ड’: सिनेमा थांबतो, कादंबरी पुढे जाते

भिलाईहून बोलतोय. लुकिनो विस्कोंतीचा ‘द लेपर्ड’ १९६३चा. लाम्पेदूसाची मूळ कादंबरी १९५८ची, लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेली. १८६०मध्ये गॅरिबाल्डी सिसिलीत उतरतो आणि एका सरदार घराण्याचे दिवस फिरतात, ही गोष्ट. सिनेमात १८६२चा नृत्यसमारंभ तब्बल पाऊण तास चालतो आणि त्या पहाटे सिनेमा संपतो. कादंबरी १९१०पर्यंत जाते; तिथे लाडक्या कुत्र्याचं पेंढा भरलेलं कातडं कचऱ्यात फेकतात. विस्कोंतीने ते गाळलं. स्वतः सरदार घराण्यातला ना! मला ही पळवाट वाटते.

आपण छत्तीसगडातले मराठी लोकही तेच करतो. रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांचं वैभव रंगवून सांगतो आणि १८५४मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, तिथे थांबतो. पुढचं घरातल्या जुन्या ट्रंकांमध्ये पडून आहे.