हँडलवरचा नॉब आणि वॉबलचा इतिहास

भिसेगावात, कर्जत स्टेशनला लागूनच, आम्ही काही जण जुन्या मोटारसायकली उभ्या करत असतो. त्यातली एक बुलेट पन्नासच्या आसपास रेस सोडली की हँडल थरथरवायची. मालकाचं म्हणणं एकच : "वरचा नॉब आवळा, थांबतं." खरंच थांबायचं. म्हणून आज या नॉबबद्दलच बोलू, कारण त्याने किती जणांची दिशाभूल केली असेल कोण जाणे.

हा नॉब म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर. तो फिरवला की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश गाड्यांवर तो सर्रास दिसतो. त्याला कारण होतं. रस्ते खराब, पुढे गर्डर फोर्क, मागच्या चाकाला बहुतेकदा सस्पेन्शनच नाही. ब्रिटिश सैन्याने दुसऱ्या महायुद्धात वापरलेली बीएसए एम२० घ्या, ती याच पठडीतली.

पुढे १९४९ची बुलेट आली. तिला पुढे टेलिस्कोपिक शॉकअप, मागे स्विंग आर्म, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तो. १९५५ला मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ला बंद झाला, पण मद्रासची गाडी जवळपास त्याच आराखड्यावर पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. म्हणजे तिकडे जी गाडी हौशी लोकांच्या शेडमध्ये गेली, ती इकडे मागे दुधाचे कॅन लटकवून रोज फिरत होती. नॉब आवळण्याची सवयही तिच्याबरोबर राहिली.

आता गणिताकडे येऊ, थोडंच. सायकल स्वतःचा तोल कशी सांभाळते, याची समीकरणं व्हिपल यांनी १८९९मध्येच मांडली होती. मोटारसायकलसाठी मात्र १९७१ उजाडावं लागलं. रॉबिन शार्प यांनी त्या वर्षीच्या निबंधात दोन वेगळी दुखणी वेगळी करून दाखवली. एक वॉबल : फक्त पुढचा भाग, सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरतो. दुसरं वीव्ह : अख्खी गाडी सापासारखी वळवळते, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि जास्त वेगात. खरी मेख पुढे आहे. डॅम्पर आवळला की वॉबल दबतो, पण वीव्ह वाढू शकतो! म्हणजे पन्नासला जो स्वार निश्चिंत झाला, तोच ऐंशीला, मागे ओझं असताना, सापडणार.

(रेल्वेवाल्यांना हे नवीन नाही. डब्याची चाकं रुळांवर डावी-उजवी झुलतात, त्याचं गणित क्लिंगेल यांनी १८८३लाच मांडलं होतं. घाट चढायला कर्जतला गाडीमागे बँकर इंजिन लागतं, ते बघत उभे असताना हा विषय आमच्यात हमखास निघतो.)

तर भिसेगावच्या बुलेटकडे. आम्ही आधी नॉब पूर्ण सैल केला. तो आवळलेला असेल तर काहीच कळत नाही. गाडी डबल स्टँडला, इंजिनाखाली लाकूड, पुढचं चाक अधांतरी. शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढले : ढिलाई नाही. मग हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. मधोमध येताच ते खड्ड्यात बसल्यासारखं अडकलं. कोनसेटच्या वाट्यांवर गोळ्यांचे ठसे पडले होते. आधी कुणीतरी ढिलाई घालवायला नट जास्त कसला असणार. तसं केलं की हळू वेगात गाडी सरळ चालत नाही, आणि मालकाची तीही तक्रार होती.

पण तेवढ्यावर थांबलो नाही. मागचं चाक आडवं हलवलं, तर चिमट्याचे बुश झिजलेले. दोन्ही चाकांना सुतळी लावून पाहिली, तर मागचं चाक किंचित तिरकं. रिम आऊट नव्हती. टायर मात्र दिसायला नक्षीदार आणि आतून दगड झालेला, कारण वर्षानुवर्षं गाडी उभीच होती.

कोनसेट, बुश, टायर बदलले, चाक सरळ केलं. पळसदरीवरून खोपोलीच्या रस्त्याला ट्रायल घेतली, एकदा एकट्याने, एकदा मागे ओझं बांधून. नॉब दोन्ही वेळा सैलच होता. मालकाने परत आल्यावर सवयीने तो आवळला, आणि आम्ही पुन्हा सैल केला.