गोदामांच्या बेटावरील कलेचे घर

बर्लिन शहरात श्प्रे नदी दुभंगते आणि तिच्या दोन प्रवाहांमध्ये एक बेट उरते. त्याच्या उत्तर टोकावर आज पाच संग्रहालये एकमेकांना खेटून उभी आहेत. पण आपण तीनशे वर्षे मागे गेलो, तर येथे कलेचा मागमूसही दिसणार नाही. राजवाड्यासमोर बाग होती. सतराव्या शतकाच्या मध्यास तीत बटाट्यासारखे नवलाईचे पीक लावले गेले. १७१३ साली प्रशियाच्या गादीवर आलेल्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिल्याने मात्र ती बाग मोडून कवायतीचे मैदान केले. पलीकडे नदीतून आलेला माल उतरवून जकात घेण्याची गोदामे होती.

राजाचा कलासंग्रह सर्वांसाठी खुला असावा, हा विचार आलोइस हिर्ट या अभ्यासकाने १७९७ सालीच मांडला होता, पण त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. त्या विचाराला बळ मिळाले ते पराभवातून. १८०६ साली नेपोलियनने बर्लिन जिंकले आणि ब्रांडेनबुर्ग वेशीवरील चार घोड्यांच्या रथासह कितीतरी कलावस्तू पॅरिसला नेल्या. त्याच्या पाडावानंतर त्या परत आल्या, तेव्हा त्या पुन्हा राजवाड्याच्या दालनांत कोंडून ठेवणे लोकांना रुचेना. मग कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकाराने जुना कालवा बुजवून, दलदलीत लाकडी खुंट ठोकून, अठरा स्तंभांचे संग्रहालय उभारले. ते १८३० साली खुले झाले. त्याची जागा आपण नीट पाहावी: समोर राजवाडा, एका बाजूस शस्त्रागार, दुसऱ्या बाजूस चर्च. सत्ता, सैन्य आणि धर्म यांच्या पंक्तीत कलेलाही मानाचे आसन मिळाले.

१८४१ साली फ्रीडरिश विल्हेल्म चौथ्याने हा सारा भाग कला व विद्येसाठी राखण्याचे ठरवले. त्यानंतर १८५९ मध्ये नवे संग्रहालय, १८७६ मध्ये राष्ट्रीय चित्रशाळा, १९०४ मध्ये आज बोडे म्हणून ओळखले जाणारे संग्रहालय आणि १९३० मध्ये पेर्गामोन, असा जवळजवळ शंभर वर्षांचा आराखडा पुरा झाला. तो नऊच वर्षे सुखात राहिला. महायुद्धातील बॉम्बनी वास्तू फोडल्या, नंतर शहर विभागले गेले आणि संग्रहांचीही वाटणी झाली. नवे संग्रहालय तर दशकानुदशके भग्न उभे होते. १९९९ साली बेट जागतिक वारसा ठरले. २००९ साली डेव्हिड चिपरफील्ड यांनी ती भग्न वास्तू पुन्हा उभी केली, पण गोळ्यांचे व्रण बुजवले नाहीत.

तिथली नेफरतिती या प्राचीन इजिप्तच्या राणीची अर्धप्रतिमा १९२० साली जेम्स सायमन या ज्यू व्यापाऱ्याने प्रशियाच्या राज्याला दिली होती. नाझींनी त्याचे नाव पुसले. शिंकेलच्याच हातची जकात-गोदामाची एक इमारत १९३८ साली पाडली गेली होती. त्या रिकाम्या जागी २०१९ साली उभ्या राहिलेल्या प्रवेशदालनाला सायमनचे नाव दिले आहे. जिथे एकेकाळी मालावर जकात आकारली जाई, त्याच जागेवरून आज आपण आत जातो, आणि आत जे पाहतो त्यात एका माणसाचे दानही असते.