पेठेतली दोन खणांची खोली

गावाकडं लग्नाकार्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "पीएचडी कशात करतीस गं?" मी सांगते, "पुण्याच्या जुन्या पेठांमधली भाडेकरूंची घरं." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "त्यात काय शिकायचं? तू पण भाड्यानंच ऱ्हातीस की!"

खरं आहे. मी मूळची निमोण्याची, शिरूर तालुक्यातली. गेली चार वर्षं कसबा पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत राहते. खाली चौक, चौकात तुळस, एका कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून नळ. सकाळी तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येतो. पाच मिनिटांवर शनिवारवाडा, दहा-बारा मिनिटांवर मंडई, आणि आता भुयारी मेट्रोचं स्टेशनही. मागच्या महिन्यात दोन माणसं टेप घेऊन आली आणि खोली मोजून गेली. वाडा 'डेव्हलपमेंट'ला जाणार म्हणे. जे प्रकरण मी कागदांवरून लिहीत होते, ते जिना चढून दारात आलं. म्हणून आज माझं संशोधन नेमकं काय आहे, ते या खोलीपासूनच सांगते.

सुरुवात 'खण' या शब्दापासून. जुनी घरं फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढा खण, त्यामुळे तो सगळीकडे सारखा नसतो. निमोण्यात आमचं जुनं घर पाच खणांचं होतं. माझी इथली खोली दोन खणांची आहे. जुन्या कागदांत घराचा उल्लेख आला की खण किती, सोपा कुठल्या दिशेला, परसात विहीर आहे का, हे येतं. गावातलं घर ज्या शब्दांत मोजलं जाई, त्याच शब्दांत पुण्यातलंही मोजलं जाई, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

कारण पुणंही आधी गावच होतं. 'कसबा' म्हणजे परगण्याचं मुख्य ठिकाण, बाजार भरणारं मोठं गाव. कसबे पुण्याला पाटील होता, कुलकर्णी होता, बलुतेदार होते. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ते उद्ध्वस्त केलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढं शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली गाव परत वसलं. सोन्याच्या नांगराची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असतेच. पण ओसाड गाव नांगरानं वसत नाही, माणसं आणून वसवावं लागतं. बाहेरून लोक यावेत म्हणून सवलती द्याव्या लागतात. अशा सवलतीच्या आश्वासनाला 'कौल' म्हणत.

पेठा अशाच वसल्या. १७३०मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू झालं आणि पुण्याकडं माणसांचा ओघ लागला. जुन्या मलकापूर, शहापूर, विसापूर या वस्त्यांना रविवार, सोमवार, शुक्रवार अशी वारांची नावं मिळाली. सदाशिवरावभाऊंच्या नावानं सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावानं नारायण पेठ, नाना फडणविसांच्या नावानं नाना पेठ. नवी पेठ वसवताना येणाऱ्याला काही वर्षं करात सूट देत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडलं. आज आपण जिला 'अस्सल पुणेरी' वस्ती म्हणतो, ती मुळात बाहेरून आलेल्यांची. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, मारवाडातून.

मग हे सरदार-सावकारांचे वाडे भाडेकरूंचे कसे झाले? माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न हाच आहे.

पहिलं कारण सत्तेचं. नोव्हेंबर १८१७मध्ये पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. (पुढच्या १ जानेवारीला कोरेगावला लढलेली फौज आमच्या शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती.) पेशवाई बुडाली तशी राजधानीवर पोट असलेली हजारो माणसं पांगली. मोठाले वाडे राखायचे तर पैसा कुठून आणायचा? चौकाभोवतीच्या खोल्या एकेक करून भाड्यानं जायला लागल्या. १८५८मध्ये रेल्वे आली, नंतर कचेऱ्या आणि कॉलेजं वाढली. कारकून, मास्तर, विद्यार्थी येत गेले. ज्या ओसरीवर फडनिशी चालायची, तिथं पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहू लागली. वाड्याची रचनाही या कामाला सोयीची. चौक सामाईक आणि प्रत्येक खोलीचं दार चौकाकडं, त्यामुळे वाटणी सोपी.

दुसरं कारण कायद्याचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. प्रमाण भाडं धरलं गेलं ते १ सप्टेंबर १९४०ला जे होतं ते. महागाई वाढत गेली, भाडं तिथंच राहिलं. २०००मध्ये नवा कायदा लागू झाल्यावर वर्षाला चार टक्के वाढ करता येऊ लागली, पण मूळ आकडाच इतका लहान की चार टक्क्यांत एक कौलसुद्धा बदलून होत नाही.

याचे परिणाम दोन झाले, आणि दोन्ही एकदम पाहिले नाहीत तर हा विषय कळत नाही. एक म्हणजे शहराच्या ऐन मध्यावर साधी माणसं टिकली. तांबट, शिंपी, छापखान्यातले कामगार, मंडईतले हमाल, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. बाजारभावानं यांतल्या एकालाही इथं उभं राहता आलं नसतं. दुसरा म्हणजे वाडे कुजले. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि मालकी नसताना भाडेकरू तरी पैसे का घालील? पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, आणि एखादी भिंत खरोखरच पडते. आपल्याला जुनं म्हणून जे आवडतं, त्यातलं बरंच कुणी जपलेलं नव्हतं. ते हललं नाही म्हणून उरलं.

नदीकाठचं तेवढंही उरलं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि शनिवार, नारायण, कसबा या पेठांमध्ये पाणी घुसलं. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. अनेक कुटुंबं गोखलेनगरकडं, सहकारनगरकडं गेली ती परत आलीच नाहीत.

माझ्या शेजारच्या काकू लग्न होऊन या वाड्यात आल्या त्या पानशेतनंतर पाच-सहा वर्षांनी. भाडेपावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्यात. मोजणीवाले गेल्यावर त्यांनी तो डबा माझ्यापुढं उघडला. "तू शिकलेली आहेस, बघ गं, यातली कुठली पावती लागेल?" मी एकेक पावती तारखेप्रमाणे लावली. पुराभिलेखागारात मोडी कागद लावताना हात कापत नाहीत, तेव्हा कापत होते. कारण या डब्यावर काकूंना नव्या इमारतीत जागा मिळणार की नाही ते ठरणार आहे. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूंना जागा द्यायची, त्या बदल्यात बिल्डरला जादा बांधकाम मिळतं. पण नोंद असलेल्या भाडेकरूलाच. माझ्यासारखी पोटभाडेकरू त्या हिशेबात येत नाही. मला दुसरी खोली शोधावी लागेल, आणि एवढ्या पैशांत ती पेठेत मिळणार नाही.

पेपरात 'वाडे वाचवा' असं वाचलं की पूर्वी मी लगेच मान डोलवायचे. आता आधी विचारते, की कुणासाठी? बुधवार पेठेतला भिडे वाडा आठवा. १८४८मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती वास्तू. तिथल्या भाडेकरू दुकानदारांशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. शेवटी डिसेंबर २०२३मध्ये ताबा घेऊन वाडा पाडला, स्मारक बांधण्यासाठी. स्मारक व्हायलाच हवं. पण त्या निकालापर्यंत वास्तू इतकी मोडकळीला आली होती की राखण्यासारखं फार काही हाती नव्हतं. इतिहास आणि भाडेकरू यांना एकमेकांसमोर उभं केलं, की वेळ जातो आणि त्या वेळात इमारत जाते.

मग उपाय काय, असं माझे गाईडही विचारतात. सगळे वाडे राखता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. काकूंना वरच्या मजल्यावर पाणी हवंय, घरात संडास हवाय, आणि त्यात चूक काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या वाड्याचं 'ऐतिहासिक मोल' लिहिताना कोरीव खांब आणि दिंडी दरवाजा यांच्या बरोबरीनं तिथं कोण, किती वर्षं, कुठल्या आधारानं राहत होतं हेही लिहिलं पाहिजे. कोरीव खांबाचा फोटो निघतो. पावत्यांचा डबा मात्र घर बदलताना रद्दीत जातो.

म्हणून सध्या मी तेच काम करतेय. वाड्यातल्या सात बिऱ्हाडांच्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्डं यांचे फोटो त्यांच्या परवानगीनं काढतेय. प्रत्येक खोलीचा नकाशाही काढलाय, फुटांत आणि खणांत. माझीही खोली त्यात आहे. दोन खण, एक देवळी, चौकाकडं उघडणारी एक खिडकी, भाडेकरू निमोण्याची.

गावाकडं आता कुणी विचारलं, की त्यात काय शिकायचं, तर सांगेन. आपलं पाच खणांचं घर चुलत्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा पाडलं, आठवतंय? त्याचा एक तरी कागद आपल्याकडं आहे का?