पट्टीदार सिलिकॉन : एका विषयात शिरण्यापूर्वी

जबलपूरच्या रांझी भागातल्या वाचकाला मायक्रॉन हे माप नवे नसते. एका अंगाला खमरियाची आयुध निर्माणी, जवळच वाहन कारखाना, गोकलपूरला १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय. गेज आणि टॉलरन्स हे शब्द इथल्या मराठी घरांतही रुळलेले आहेत. अशा वाचकाने अणुकेंद्रीय भौतिकी ‘आपल्यासाठी नव्हे’ म्हणून दूर ठेवावी, हे मला पटत नाही. या शास्त्राचा मोठा भाग नेमक्या मापांच्या कारागिरीचा आहे आणि हे पुस्तक त्याच भागाविषयी आहे.

आपल्याकडचे त्याचे एक ठिकाण म्हणजे मुंबईतील कुलाबा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणु संशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक १९८८ मध्ये सुरू झाला. तिथे लिथियमसारख्या अणुकेंद्रांचा झोत पातळ लक्ष्यावर सोडतात आणि उडालेले तुकडे सिलिकॉनच्या डिटेक्टरांत टिपतात. तुकडा सिलिकॉनमध्ये शिरला, की सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे विद्युतभाराची एक जोडी सुटते. अमेरिशियम-२४१ मधून निघणारा ५.४९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अल्फा कण जेमतेम २८ मायक्रॉनांत थांबतो. तेवढ्यात पंधरा लाखांवर जोड्या सुटतात. मोजायला इतके हाती येते म्हणूनच ऊर्जा बारकाईने कळते. पुढे पातळ आणि मागे जाड अशा सिलिकॉनच्या दोन चकत्या लावल्या, तर पहिलीत किती ऊर्जा गेली आणि दुसरीत किती उरली यावरून कण कोणता तेही ओळखता येते.

खरी गंमत मात्र मांडणीत आहे. लिथियम-७ ने लक्ष्यातून एक प्रोटॉन उचलला, की बेरिलियम-८ तयार होते. ते टिकत नाही. लक्ष्यातच फुटून दोन अल्फा कण होतात, आणि फुटताना मोकळी होणारी ऊर्जा फक्त ९२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बेरिलियमची स्वतःची ऊर्जा २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर दोन्ही अल्फा जास्तीत जास्त आठ अंशांच्या आत, जवळजवळ हातात हात घालून निघतात. ते डिटेक्टरात एकाच जागी आदळले तर ऊर्जांची बेरीज होते आणि दोन कणांचा एकच भासतो. म्हणून चकतीच्या एका बाजूला १६ उभ्या आणि दुसऱ्या बाजूला १६ आडव्या पट्ट्या आखतात. ३२ तारांवर २५६ चौकटी मिळतात. पाच सेंटिमीटरच्या चकतीत एक पट्टी सुमारे तीन मिलिमीटरची. चकती लक्ष्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर दोन अल्फांमधले अंतर दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. पाचवर आणली, तर जेमतेम सात मिलिमीटर. जवळ आणावे तर जास्त कण सापडतात पण एकमेकांत मिसळतात. लांब न्यावे तर वेगळे दिसतात, पण पुष्कळ हुकतात. डिटेक्टर-संचाचा आराखडा म्हणजे या ओढाताणीतला निर्णय, आणि तो प्रयोगाचा प्रश्न ठरल्याशिवाय घेता येत नाही.

म्हणून वाचकांनी सुरुवात डिटेक्टरांच्या कॅटलॉगपासून करू नये. आधी टकरीचे गणित कागदावर मांडावे. इलेक्ट्रॉनिक्सची दोन प्रकरणे पहिल्या वाचनात वगळली तरी चालतील. तापमानाचे प्रकरण मात्र वगळू नका, कारण तापमान सात-आठ अंश सेल्सियसने वाढले की सिलिकॉनमधला गळतीचा प्रवाह दुप्पट होतो. चकत्या परदेशातूनच आणाव्या लागतात, असेही समजू नका. सर्नच्या सीएमएस प्रयोगातील प्रीशॉवर नावाच्या डिटेक्टरासाठी ३२ पट्ट्यांच्या चकत्या भाभा केंद्राच्या पुढाकाराने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये घडल्या आहेत.

पहिला सराव म्हणून वरचेच बेरिलियम घ्या, चकतीचे अंतर दहा सेंटिमीटर ठेवा आणि अल्फांच्या किती जोड्या एकाच पट्टीत सापडतात ते काढा. उत्तर आले, की दुसऱ्या प्रकरणाकडे वळायला हरकत नाही.