थरावर थर: अर्धपारदर्शक रंगांचे गणित

भोपाळच्या दक्षिणेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये तिथली शैलचित्रे उजेडात आणली. 2003 मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. पाहुणे तिथे हत्ती-सांबर शोधतात. या विषयाचा नाद लागलेला माणूस मात्र आकृतीवर आकृती चढली आहे तिथेच रेंगाळतो, आणि ‘झू रॉक’ नावाच्या खडकावर अशा जागांना तोटा नाही. वरचा गेरू पातळ असेल तिथे खालचा पांढरा डोकावणारच. डोळ्यांना दिसतो तो तिसराच रंग. तो किती, याचे हे शास्त्र.

मूळ रीत सोपी आहे. वरच्या रंगाला त्याच्या झाकणशक्तीने गुणा, खालच्याला उरलेल्या हिश्शाने, आणि बेरीज करा. समजा, गेरूच्या लाल घटकाचा आकडा 200, झाकणशक्ती 0.6 आणि दगडाचा आकडा 150. मग 120 अधिक 60, म्हणजे 180. या झाकणशक्तीला संगणकाच्या चित्रकलेत अल्फा म्हणतात. पोर्टर आणि डफ यांनी 1984 मध्ये तिचे नियम नीट बांधून दिले. त्यातली एक गंमत नवख्याला चकवते: 0.6 आणि 0.5 चे दोन थर कोणत्याही क्रमाने ठेवा, एकूण झाकणे 0.8 च. रंग मात्र क्रमाप्रमाणे बदलतो.

उलटा प्रश्न जास्त रंगतदार आहे. नुसत्या 180 वरून वरचा रंग कोणता आणि किती दाट, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तीच रेघ पुढे 230 च्या पांढऱ्या आकृतीवरून गेली आणि तिथे 212 मिळाले, तर? खाली फरक 80 होता, वर 32 उरला. म्हणजे 0.4 आरपार येते. झाकणशक्ती 0.6, आणि त्यावरून मूळ 200 ही हाती लागतो. दोन पार्श्वभूमी मिळाल्या की कोडे सुटते.

अर्थात रेघेची जाडी दोन्हीकडे सारखी असेल तरच. शिवाय छायाचित्रातले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात: नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत 255 पैकी 128 म्हणजे जेमतेम 22 टक्के उजेड. म्हणून आधी आकडे उजेडात बदलायचे, मग बेरीज. आणि खरा गेरू तर प्रकाश शोषतोही, विखुरतोही. त्यासाठी कुबेल्का आणि मुंक यांचे 1931 चे समीकरण लागते. ते शेवटच्या प्रकरणात आहे. गुणाकार-बेरीज येत असेल, तर तिथपर्यंत यायला काहीच हरकत नाही.