गेमच्या संगीतातून ऑस्करपर्यंत

व्हिडिओ गेमला संगीत देणारा तो दुय्यम संगीतकार, असे हॉलिवूड दीर्घकाळ मानत आले. मायकेल जियाकिनो यांनी मात्र १९९७ साली ‘द लॉस्ट वर्ल्ड : जुरासिक पार्क’ या गेमसाठी संगणकी सुरांऐवजी चक्क वाद्यवृंद वाजवून घेतला. १९९९ मध्ये दुसऱ्या महायुद्धावरचा ‘मेडल ऑफ ऑनर’ आला.

हेच गेम-संगीत ऐकून जे. जे. अब्राम्स यांनी ‘एलियस’ ही दूरचित्रवाणी मालिका त्यांच्याकडे सोपवली. पुढे ‘लॉस्ट’मध्ये विमान बेटावर कोसळते, तिथे तर जियाकिनोंनी विमानाच्या सांगाड्याचे तुकडेच तालवाद्य म्हणून वापरले! त्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘द इन्क्रेडिबल्स’; २०१० मध्ये ‘अप’साठी ऑस्कर.

ग्रॅमी पुरस्कारांत गेम-संगीताला स्वतंत्र विभाग मिळाला तो २०२३ मध्ये.