दुसऱ्या प्रतीतली माणसं

३० सप्टेंबर १९४३ रोजी नोलाजवळच्या एका वाड्यात जर्मन सैनिकांनी नेपल्सच्या अभिलेखागारातला सर्वांत मौल्यवान ठेवा जाळला. बॉम्बहल्ल्यांपासून वाचावा म्हणून तो शहराबाहेर हलवला होता. तेराव्या शतकापासूनची आंजू राजांची दप्तरं त्यात खाक झाली. माझ्या सासूबाईंच्या आजोबांची जन्मनोंद मात्र आजही जशीच्या तशी आहे. ते एका शेतमजुराचे चिरंजीव. राजांच्या दप्तराची प्रत एकच होती, मजुराच्या नोंदीच्या दोन होत्या.

ही दोन प्रतींची पद्धत नेपोलियनच्या काळातली. त्याचा मेहुणा म्युरा नेपल्सच्या गादीवर असताना, १८०९ पासून, त्या राज्यात जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या जोडीला सरकारदरबारीही होऊ लागली. एक वही गावच्या कचेरीत राहायची, दुसरी न्यायालयाकडे जायची आणि पुढे अभिलेखागारात पोचायची. फ्रेंच गेले, बूर्बाँ राजे परत आले, १८६१ साली इटली एक देश झाला, तरी कारकून दोन वह्या लिहीतच राहिले. त्यांतल्या लाखो पानांच्या प्रतिमा आता इटलीच्या अभिलेखागारांनी ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर फुकट खुल्या केल्या आहेत.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर न्यू जर्सीत आले. सासर इटालियन. सासूबाईंना आपल्या घराण्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या: आपण नेपल्सचे, आणि आपलं आडनाव, न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस आयलंडवरच्या कारकुनाने बदललं. एवढ्या भांडवलावर मी आमच्या गावच्या वाचनालयात भरणाऱ्या वंशावळ मंडळात गेले. महिन्यातून एकदा दहाबारा माणसं जमतात. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि एक नळकाम करणारे गृहस्थ. एकोणिसाव्या शतकातलं इटालियन हस्ताक्षर या गृहस्थांइतकं सफाईने वाचणारा माणूस मी पाहिला नाही.

दुसरी, आडनावाची गोष्ट त्या शिक्षिकाबाईंनी पहिल्याच बैठकीत निकालात काढली. बोटीवरच्या प्रवाशांची यादी बोट सुटण्यापूर्वी, ज्या बंदरातून ती निघे तिथेच, बोट कंपनीचे लोक तयार करत. एलिस आयलंडवरचे अधिकारी ती यादी समोर ठेवून माणूस तपासायचे आणि हाताशी दुभाषे असायचे. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फियोरेल्लो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० या काळात तिथेच दुभाषे होते. आडनावं बदलली ती नंतर, शाळेच्या पटावर, कारखान्याच्या हजेरीत, आणि बऱ्याचदा त्या माणसांनी स्वतःच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारकुनाची गोष्ट खरी धरली तर ही माणसं मुकी ठरतात, आणि ती मुकी नव्हती.

नेपल्स हे गाव नव्हे, बोटीचं बंदर निघालं. दक्षिण इटलीतून गेलेली कितीतरी घरं आपल्याला नेपल्सची म्हणवतात, कारण आजोबांच्या तोंडी जे शेवटचं मोठं नाव होतं ते तेच. खरं गाव सापडलं १९४२ च्या एका कार्डावर. दुसरं महायुद्ध चालू असताना त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांचीही नोंदणी केली. त्यांना लढायला पाठवायचं नव्हतं, पण कार्डावर जन्मगाव विचारलं होतं. ही युक्ती मंडळातल्यांची, मला एकटीला ती कधी सुचली नसती. सासूबाईंचे आजोबा तेव्हा ५७ वर्षांचे होते. कार्डावर गावाचं नाव वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये होतं. नळकामवाल्या गृहस्थांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “कापोसेले. जिल्हा आवेल्लिनो. म्हणजे तुम्ही सेंट लूसीच्या वस्तीतले.”

नूअर्क शहराच्या फर्स्ट वॉर्ड भागात आवेल्लिनोकडची माणसं गल्ल्यागल्ल्यांनी राहायची. १८९१ साली स्थापन झालेलं सेंट लूसी चर्च हे त्यांचं. १९५० च्या दशकात ‘पुनर्विकास’ म्हणून त्या वस्तीवर नांगर फिरला आणि जागेवर उंच सरकारी इमारती उभ्या राहिल्या. चर्च राहिलं. दर ऑक्टोबरात तिथे संत जेरार्दो माइयेल्ला यांचा उत्सव होतो. गरोदर बायका नवस बोलतात, मूर्तीवर नोटांच्या माळा चढतात. हे संत १७५५ साली वारले ते कापोसेलेच्या हद्दीतल्या मातेर्दोमिनीच्या मठात. आमच्या घरात पिढीपिढीला जेरार्दो का, हे मला तेव्हा कळलं. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, असा तिकडचा रिवाज. त्यामुळे एका आजोबाचे चार नातू एकाच नावाचे आणि आडनावाचे असतात. बापाचं नाव सोबत वाचलं नाही, तर वाचणारा हमखास भलत्याच घरात शिरतो.

१८८५ ची जन्मनोंद एका पानाची आहे. बाप तान्ह्याला घेऊन कचेरीत आला, दोन साक्षीदार सोबत होते, जन्म पहाटे झाला, बाप शेतमजूर, लिहिता येत नाही म्हणून सही नाही. मागे जाता जाता बरंच काही सापडलं. पण खरा खजिना लग्नाच्या जोडकागदांत होता. लग्नाला वडिलांची संमती लागे. वडील वारले असले तर त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, मग संमती आजोबांची. तेही नसले तर त्यांचाही दाखला. १८५२ च्या एका लग्नाच्या कागदांत असाच एक आजोबा निघाला, १८११ साली सत्तराव्या वर्षी वारलेला मेंढपाळ. संत जेरार्दो गेले तेव्हा हा पोरगा चौदाएक वर्षांचा असणार. त्याने त्यांना पाहिलं असेल, असं सासूबाई ठामपणे म्हणतात. मीही तसंच मानते.

या कागदांत एक गोष्ट अशी आहे की तिचा मला हेवा वाटतो. तिथल्या बाईचं नाव मरेपर्यंत माहेरचंच राहतं. मुलाच्या जन्मनोंदीत, मुलीच्या लग्नात, स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीतही ती आपल्या बापाच्या आडनावाने येते. म्हणून सासूबाईंच्या आईकडची, त्या आईच्या आईकडची रेघही आम्हाला सलग काढता आली. माझ्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात पुरुषांच्या अनेक पिढ्या आहेत, पणजीपुढे मात्र फक्त सासरी ठेवलेलं नाव. लग्नाआधी तिला काय म्हणत, हे आता सांगणारं कोणी नाही.

मृत्यूच्या वह्या वाचणं जड जातं. एका आईची एकाच नावाची तीन मुलं ओळीने दिसतात. पहिलं गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचं, आजोबांचं नाव राहिलं पाहिजे म्हणून. ती पानं वाचताना मंडळात कोणी बोलत नाही.

मंडळात पूर्वी इटालियन पासपोर्टसाठी येणारे पुष्कळ होते. मार्च २०२५ च्या वटहुकुमाने इटलीने ती वाट बरीच अरुंद केली. पणजोबांच्या जोरावर नागरिकत्व मिळण्याचे दिवस बहुतेकांसाठी संपले. जे अजूनही येतात, त्यांना कागदावरच्या माणसांशीच देणंघेणं आहे. मला ही मंडळी जास्त जवळची वाटतात.

२३ नोव्हेंबर १९८० च्या संध्याकाळी, कापोसेले ज्यात येतं त्या इर्पिनिया भागात भूकंप झाला. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, गावंच्या गावं आणि त्यांतली चर्च कोसळली. कापोसेलेचीही पडझड झाली. आमचा मेंढपाळ, त्याची सून, ती तीन तान्ही मुलं मात्र अभिलेखागारातल्या दुसऱ्या वहीत आहेत.

तुमच्या घरात जी सर्वांत वयस्क बाई असेल, तिच्याजवळ बसा. तिचं स्वतःचं माहेरचं नाव, तिच्या आईचं, आजीचं, आणि त्यांची गावं विचारा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं घाला. लिहाल त्याच्या दोन प्रती करा, आणि दुसरी दुसऱ्या कोणाच्या तरी घरात ठेवा.